झालर लावलेल्या राहत्या गाडीला जनरेटर कुठे ठेवावा?

भाऊ, तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीपासून पंधरा-वीस दिवस मुक्काम, ४०७ टेम्पोवर बांधलेली राहायची केबिन, आत लेकरांसह चौघं झोपतात. तापीकाठचा गार वारा खालून शिरतो म्हणून गाडीभोवती जमिनीपर्यंत ताडपत्रीची झालर बांधली आहे. २ केव्हीएचा पेट्रोल जनरेटर त्या झालरीच्या आत, गाडीखाली ठेवला तर चोरीची भीती नाही आणि आवाजही कमी, तर चालेल का?

नाही चालणार. एक रात्रसुद्धा नाही. झालर आणि जनरेटर एका घेरात कधीच आणू नका.

पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, त्यानं डोळेही चुरचुरत नाहीत. धुराचा जो वास येतो तो इतर गोष्टींचा असतो, त्यामुळे ‘वास येत नाही म्हणजे काही नाही’ हा अंदाज इथे घात करतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. वजनाला तो जवळपास हवेइतकाच, आणि सायलेन्सरमधून गरम निघतो म्हणून वर चढतो. वर काय आहे? तुमच्या केबिनचा तळ.

हिशेब मांडून बघा. १० फूट लांब, ६ फूट रुंद, ६ फूट उंच केबिनमध्ये साधारण १० घनमीटर हवा मावते. २०० सीसीचं इंजिन ३,००० फेऱ्यांवर मिनिटाला ढोबळमानानं २०० लिटर धूर टाकतं. त्यात २ टक्के कार्बन मोनॉक्साइड धरला तर मिनिटाला ४ लिटर. त्यातला फक्त दहावा हिस्सा फटींतून आत आला तरी २५ मिनिटांत केबिनच्या हवेत दहा लाखांत हजार भाग, म्हणजे १,००० पीपीएम होतो. तेवढ्या विषारी हवेत गाढ झोपलेला माणूस सकाळ बघत नाही. चोक ओढून गार इंजिन चालू केलं की सुरुवातीची काही मिनिटं हे प्रमाण याहूनही जास्त असतं.

‘फटी कुठे आहेत आमच्या गाडीत’ असं वाटत असेल तर आज रात्री एक करा. केबिनमधले सगळे दिवे बंद करून एकानं आत बसावं, दुसऱ्यानं झालरीखाली शिरून बॅटरीचा झोत तळावर हळूहळू फिरवावा. फळ्यांच्या सांध्यात, वायर ओढलेल्या भोकात, मोरीच्या पाइपाभोवती, दाराच्या उंबऱ्याशी आत उजेडाच्या रेघा दिसतील. प्रत्येक रेघ म्हणजे धुराची वाट. वायरच्या आणि पाइपाच्या भोकांत सिलिकॉन भरा, फळ्यांच्या सांध्यांवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी मारा. मग सांध्याजवळ अगरबत्ती धरून धूर आत ओढला जातो का ते परत बघा. याचा दुसरा फायदा असा की निम्मी थंडी इथेच थांबते.

आता जागा. जनरेटर गाडीपासून किमान ६ मीटर, म्हणजे २० फूट लांब, सायलेन्सरचं तोंड गाडीकडून दुसरीकडे. हे अंतर दार-खिडकीपासून मोजा, आणि तुमच्याच नाही तर शेजारच्या राहुटीच्याही. यात्रेत दुकानांच्या रांगा खेटून असतात. तुमचा धूर शेजाऱ्याच्या तंबूत जाणं तेवढंच वाईट. आधीच बोलून घ्या, जमलं तर दोन-तीन दुकानांचे जनरेटर मागच्या मोकळ्या बाजूला एकाच ठिकाणी लावा. वाऱ्याच्या दिशेवर फार विसंबू नका. थंडीत रात्री वारा पडतो, आणि पहाटे चुलींचा धूर नदीकाठी कंबरेइतक्या उंचीवर थरासारखा पसरून राहतो तसाच हाही रेंगाळतो. वारा पडलेला असेल तर ६ मीटरचे ९-१० करा.

चोरीची काळजी खरी आहे, त्यासाठी जाड साखळी आणि जमिनीत तीन फूट ठोकलेला लोखंडी खुंट घ्या. दव पडतं म्हणून जनरेटरवर ताडपत्री गुंडाळू नका. चार खुंटांवर पत्रा टाकून वरून आडोसा करा, चारही बाजू मोकळ्या, कडेनं तीन फूट काही नको. वाळूत थेट ठेवू नका. फरशी किंवा जाड फळी टाकून सपाट बसवा. इंजिन कललं की तेल पुरेसं असूनही तेलाचा सेन्सर ते बंद पाडतो, आणि वाळू एअर फिल्टरमध्ये ओढली जाते. फिल्टर रोज झटका.

काहीजण सायलेन्सरला लोखंडी पाइप जोडून तो केबिनच्या छपरावर नेतात. धूर उंच सोडायला तो ठीक आहे, पण त्यामुळे अंतर कमी करता येत नाही. इंजिनच्या थरथरीनं सांधा ढिला होतो आणि गळती सुरू होते, ती दिसत नाही.

झालरीबद्दल. बर्फाच्या मुलखात राहत्या गाडीला झालर लावतात ती मुख्यतः तळातले पाण्याचे नळ गोठू नयेत म्हणून. आपल्याकडे धुळे-नंदुरबारला पारा सहा-सातवर आला तरी नळ गोठत नाहीत, तुम्हाला फक्त गार तळ नको आहे. मग तळच आतून झाका: आधी थर्माकोल किंवा फोमची चटई, वर प्लायवूड, वर सतरंजी. एवढं केलं की झालर पूर्ण बंद ठेवायची गरज उरत नाही. समोरासमोरच्या दोन बाजूंनी फूट-दीड फूट उघडी ठेवा, म्हणजे आत काही आलं तरी निघून जाईल. गॅसचं सिलिंडर झालरीच्या आत ठेवत असाल तर आजच बाहेर काढा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला की झालरीत तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट बघतो.

रात्री जनरेटर चालवायचाच कशाला, हा खरा प्रश्न आहे. झोपल्यावर लागतं काय? दोन एलईडी बल्ब, चार मोबाइल, फार तर एक छोटा पंखा. ४० वॉट धरा. आठ तासांचे ३२० वॉट-तास. १२ व्होल्ट १५० एएचच्या (अँपिअर-तासांच्या) ट्युब्युलर बॅटरीत १,८०० वॉट-तास असतात, निम्मेच वापरले तरी ९००. ती घरगुती इन्व्हर्टरला जोडा. संध्याकाळी दुकान चालू असताना जनरेटर तीन-साडेतीन तास चालला आणि इन्व्हर्टरनं १२-१५ अँपिअरनं चार्ज केलं की रात्रीचा खर्च भरून निघतो. झोपायच्या आधी जनरेटर बंद. बॅटरी झोपायच्या जागेत नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. पाणी तापवायचा रॉड आणि ब्लोअर जनरेटरवर लावूच नका. दीड-दोन हजार वॉट खाऊन २ केव्हीएचा जीव काढतात. पाणी बाहेर चुलीवर तापवा, अंगावर गोधडी घ्या. कोळशाची शेगडी रात्री केबिनमध्ये पेटती ठेवू नका, तिच्यातूनही हाच वायू निघतो.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या, ऑनलाइन मिळतो. ईएन ५०२९१ या युरोपीय मानकाचा बघा. तो ५० पीपीएमला तास-दीड तासानं आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांत वाजतो. उशाच्या उंचीला लावा, दर आठवड्याला बटण दाबून तपासा, मागे छापलेली मुदत संपली की बदला. अलार्म आहे म्हणून जनरेटर जवळ आणायचा नाही.

विजेचं काम वायरमनकडूनच करून घ्या. तीन कोअरची रबरी तांब्याची केबल, २.५ चौरस मिलिमीटर. २० मीटरवर ८ अँपिअरला जेमतेम तीन व्होल्ट पडतात. पायवाटेवरून जात असेल तर पाइपातून न्या. केबिनमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप बंद पडणारा स्विच हवा, पण बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल कशालाच जोडलेला नसतो आणि मग आरसीसीबी लावूनही गळतीला तो बंद पडत नाही. जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल आणि अर्थ जोडून घ्यायला सांगा. यात्रेतलं तात्पुरतं वीज कनेक्शनही घेतलं असेल तर मध्ये चेंजओव्हर स्विच, म्हणजे एका वेळी लाइन किंवा जनरेटर यातलं एकच जोडणारा स्विच, असलाच पाहिजे, नाहीतर तुमची वीज लाइनवर उलटी जाऊन खांबावरच्या माणसाचा जीव जातो. पेट्रोल भरताना इंजिन बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबा.

कोणाचं डोकं ठणकू लागलं, मळमळ, चक्कर, पायात जीव नाही असं झालं, आणि विशेषतः दोघातिघांना एकदम झालं, तर ते थंडीचं किंवा बाधलेल्या जेवणाचं समजू नका. सगळ्यांना आधी बाहेर मोकळ्यावर काढा, मग जनरेटर बंद करा, आणि १०८ ला फोन करा. शहाद्याला न्या की दोंडाईच्याला, डॉक्टरांना पहिलं वाक्य ‘जनरेटरचा धूर लागलाय’ हेच सांगा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या विषबाधेत फसतं, रक्तात विष भिनलेलं असतानाही ९८ दाखवू शकतं. त्या आकड्यावर कोणी घरी पाठवत असेल तर ऐकू नका, ऑक्सिजन लावायला आणि रक्तातलं कार्बन मोनॉक्साइड तपासायला सांगा.