काचेसारखा आवाज आणि मध्ये आलेलं टेबल

प्रश्न : घरी लॅपटॉपवर स्वतःची गाणी रेकॉर्ड करतो. साधा कंडेन्सर माइक टेबलावरच्या स्टँडवर, तोंडापासून दोन फुटांवर असतो. आवाज स्वच्छ येतो, पण काचेसारखा. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात. जुन्या टेपची ऊब हवी आहे. ट्यूब प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं, काचेच्या नळीचं यंत्र) घेऊ, टेपचं प्लगइन (टेपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) घेऊ, की 192 किलोहर्ट्झवर रेकॉर्ड करू?

उत्तर : 192चा नाद सोडा. तो सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घ्यायचे याचा आकडा. नेहमीच्या 48च्या मानाने फाइल चौपट होईल, ऊब तिथे नाही. ट्यूबचं नंतर बघू. मला खटकला तो तुमच्या पत्रातला ‘टेबल’ हा शब्द.

मी टेपवर काम करून आलेला माणूस. पहिल्यांदा कॉम्प्युटरवर आवाज घेतला तेव्हा असाच पातळ आला आणि मी डिजिटलला यथेच्छ शिव्या घातल्या. दोन महिने ईक्यूशी, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करायच्या बटणांशी, झटापट चालली होती. मग एके दिवशी टेबल दुसऱ्याच कामात अडकलं, म्हणून माइक उंच स्टँडवर लावून खोलीच्या मध्यात उभं राहून गायलो. तोच माइक, तोच गळा, पण आवाज भरला!

हिशेब सोपा आहे. तोंड आणि माइक टेबलापासून फूटभर उंच, दोघांत दोन फूट अंतर. थेट येणाऱ्या आवाजापेक्षा टेबलावर आपटून येणारा आवाज सुमारे 25 सेंटीमीटर जास्त चालतो. एवढ्या उशिराने 700 हर्ट्झच्या आसपास दोघे एकमेकांना खातात. म्हणजे आवाजाचं मांसच गेलं. वर स्वस्त कंडेन्सर माइक बहुधा 8-10 किलोहर्ट्झला उचललेले असतात. उरते ती नुसती धार. गेलेलं मांस कुठलीही ट्यूब परत आणत नाही.

तेव्हा टेबल हटवा आणि वीतभर अंतरावरून गा. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं जास्त ऐकणारा, माइक जवळ आला की खर्जाकडची बाजू आपोआप भरते. माइक किंचित बाजूला सरकवून तिरका धरा, ‘स’ची फुंकर त्याच्या शेजारून जाऊ दे. जाड रजई टांगायची ती तुमच्या पाठीमागे. बहुतेक जण ती माइकच्या मागे टांगतात, पण माइक पाहतो तुमच्याकडे, म्हणून त्याला जास्त ऐकू येते ती तुमच्या मागची भिंत.

गेन, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते, असा ठेवा की सगळ्यात चढी तान मीटरवर उणे 12 डेसिबलपाशी थांबेल. टेपवर आम्ही काटा मुद्दाम लाल पट्टीत ढकलायचो, कारण टेप आवाजाच्या लहरींचे माथे गोल करते. डिजिटलमध्ये शून्याच्या वर गेलात की माथा सपाट छाटला जातो. 24 बिटमध्ये (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते) खाली भरपूर जागा आहे, हळू रेकॉर्ड झालं तरी घाबरू नका.

एवढं करून मग प्लगइन. टेप किंवा ट्यूब करते काय, तर मूळ सुरात त्याचेच वरचे सूर मिसळते. मध्य सा लावलात, तर दुपटीचा म्हणजे तार सा, तिपटीचा म्हणजे तार सप्तकातला पंचम. ट्यूबमध्ये सहसा पहिला जास्त, टेपमध्ये दुसरा. हे मीठ जरा जाणवेल इतकं घाला आणि मग निम्मं काढा. आणि तुलना करताना प्लगइन लावलेला आणि न लावलेला, दोन्हींचा व्हॉल्यूम सारखा करून घ्या. जे मोठं वाजतं ते कानाला उबदारच वाटतं. मी एक अख्खी संध्याकाळ यात फसलोय.

प्रश्न : गिटारही कडक येते. माइक भोकासमोरच ठेवतो, तिथे आवाज मोठा असतो ना?

उत्तर : मोठा असतो, पण घुमतो. घुमणं म्हणजे ऊब नव्हे. माइक बाराव्या फ्रेटकडे (गिटारच्या मानेवरची बारावी पट्टी), फूटभर अंतरावर ठेवा. आणि तारा कालच बदलल्या असतील तर आठवडाभर वाजवून घ्या, नवीकोरी तार बोलतेच तशी.