पुडी फेकू नका, नोटीस नीट वाचा

प्रश्न : मी नाशिकच्या सिडकोत राहते. मुलगा 20 वर्षांचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मित्राला गंगापूर रोडवरच्या एका फ्लॅटमध्ये पोलिसांनी एमडी या अमली पदार्थासह पकडलं. मुलाने त्याला जीपेवरून 2,000 रुपये पाठवले होते, खाली ‘पिझ्झा’ लिहून. आता पोलीस ठाण्याची नोटीस आली आहे. त्यातच मुलाच्या घड्याळाच्या डबीत पांढऱ्या पावडरीची लहानशी पुडी सापडली. भाऊ म्हणतो, पुडी संडासात टाक आणि पोराला निफाडला पाठव. काय करू?

उत्तर : ताई, भावाचं ऐकू नका. पुडी टाकून देणं म्हणजे पुरावा नष्ट करणं. भारतीय न्याय संहितेचं कलम 238. आई म्हणून त्यात सूट नाही. आणि पोरगा निफाडला गेला, तर उद्या जामिनाला विरोध करताना सरकारी वकील पहिला मुद्दा तोच घेतील.

डबी बंद करून आहे तिथेच राहू द्या. फोटो काढून कुणाला पाठवू नका. आज वकील गाठा आणि त्यांच्यामार्फत लेखी अर्जासह ती जमा करा. मान्य, त्यातून मुलावर वेगळा गुन्हा लागू शकतो. पण तीच पुडी घरझडतीत निघाली, तर ‘माझी नाही’ हे पटवून देण्याचं ओझं बहुतेक त्याच्यावरच येतं.

नोटिशीवर कलम कोणतं, ते बघा. नागरिक सुरक्षा संहितेचं 179 असेल तर साक्षीदार म्हणून बोलावलंय. 35(3) असेल तर संशयित म्हणून. दोन्हीत तारीख पाळायचीच. ‘पिझ्झाच होता’ असं पढवून पाठवू नका. मित्राचा मोबाइल पोलिसांकडे आहे, त्यातलं चॅट त्यांनी वाचलेलं असणार. मुलाच्या फोनमधलंही काही पुसू नका.

आता वजनाचं, कारण शिक्षा त्यावर ठरते. एमडी म्हणजे मेफेड्रोन. हे पदार्थ प्रयोगशाळेत जुळवलेले असतात. रेणू जरासा बदलला की कायद्याच्या यादीतून निसटतो. पण मेफेड्रोन 2015 मध्येच एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. त्यामुळे ‘नवीन माल आहे, कायद्यात नाही’ असं कुणी पोराच्या कानात भरवलं असेल, तर ते खोटं. 2 ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे अल्प प्रमाण : एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. त्यापुढे दहा वर्षांपर्यंत. 50 ग्रॅमच्या वर व्यापारी प्रमाण, म्हणजे दहा ते वीस वर्षं, आणि याच कायद्याच्या कलम 37 मुळे जामीन फार अवघड. भेसळ वजा होत नाही. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या हिरा सिंग निकालाप्रमाणे मिश्रणाचं पूर्ण वजन धरतात. अर्धी पिठीसाखर असली तरी ती एमडीच्याच हिशेबात.

मुलाला एकटं बसवून एक विचारा : पैसे फक्त स्वतःपुरते दिले, की चौघांची वर्गणी गोळा करून हाच माल आणायला गेला? पोरांना ते पार्टीचं कॉन्ट्रिब्युशन वाटतं. पोलिसांच्या कागदावर आणणारा पुरवठादार होतो, आणि कलम 29 खाली बाकीचेही कटात ओढले जातात.

तुमच्या पत्रात एक गोष्ट मात्र नाही. मुलगा घेतो का? नाशिकजवळच्या शिंदे गावात 2023 मध्ये एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा बातम्या वाचून आपण सगळे ‘बाहेरची माणसं’ म्हणालो. माल घड्याळाच्या डबीपर्यंत येतो, हे कुणी मनावर घेतलं नाही.

तो खरंच व्यसनात असेल, तर एनडीपीएसचं कलम 64-अ त्याच्यासाठीच आहे. सेवन किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. मित्राच्या विक्रीत तो गुंतलेला दिसला, तर या कलमाचा उपयोग नाही. म्हणून नोटिशीच्या तारखेआधी त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार ओपीडीत न्या, केसपेपर काढा. त्यावरची तारीख पुढे आम्हा वकिलांना कामाला येते. खोटा व्यसनी मात्र बनवू नका. ते डॉक्टर ठरवतील, वकील नाही. 14446 वरही व्यसनमुक्तीबद्दल विचारता येतं.

आणि या दिवसांत रात्री कधी त्याची छाती धडधडली, अंग तापून तो बरळायला लागला, तर नोटीस-बिटीस बाजूला ठेवून सरळ कॅज्युअल्टीत न्या. तिथे ‘ताप आलाय’ सांगू नका. ‘एमडी घेतलंय’ असंच सांगा.