मोठी फाइल आणि एक अनुस्वार

प्रिय पोरी,

जुन्या मराठी मजकुरातले जादा अनुस्वार काढणारी तुझी पायथन स्क्रिप्ट वाचली. लॅपटॉप का गोठला ते तिसऱ्याच ओळीत दिसतं: रीडलाइन्स, म्हणजे अख्खी फाइल एकदम मेमरीत ओढणारी आज्ञा. सहा जीबीची फाइल आठ जीबीच्या रॅममध्ये मावेल असं तुला वाटलं. पण पायथनमध्ये प्रत्येक ओळ हा मेमरीत वेगळी जागा घेणारा स्वतंत्र ऑब्जेक्ट असतो आणि देवनागरी ओळीला मजकुराशिवायच पन्नासहून जास्त बाइट लागतात. तुझ्या फाइलमध्ये तर एका ओळीत एकच शब्द आहे, म्हणजे कोट्यवधी ऑब्जेक्ट. फाइलवर सरळ फॉर लूप फिरव. एक ओळ हातात घ्यायची, काम करायचं, सोडून द्यायची. मग फाइल सहाची असो की साठची, मेमरी तेवढीच लागते.

आता तुझा खरा प्रश्न: जुन्या छपाईतलं ‘पुणें’ जागच्या जागी ‘पुणे’ का करता येत नाही? यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये), तो अनुस्वार तीन बाइटचा असतो. तो काढला की तीन बाइटचं भोक पडतं, आणि पुढचा सगळा मजकूर आपोआप मागे सरकत नाही. म्हणून मूळ फाइल फक्त वाचायची आणि सुधारलेली ओळ शेजारच्या नव्या फाइलमध्ये लिहीत जायची. नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेव. पूर्ण लिहून झाली, बंद केली, की मगच पायथनच्या ओएस.रिप्लेस या आज्ञेने जुनीच्या जागी आण. मध्येच वीज गेली तरी मूळ फाइल शाबूत राहते.

हे मी कळकळीने सांगतोय. पहिल्या नोकरीत मी वाचायची तीच फाइल ‘डब्ल्यू’ म्हणजे लिहिण्याच्या मोडमध्ये उघडली होती. त्या मोडमध्ये फाइल उघडताक्षणीच रिकामी होते, एक अक्षरही लिहायच्या आधी. बॅकअप नव्हता. चार दिवसांचं टायपिंग गेलं, आणि ते माझं नव्हतं, दुसऱ्या कुणीतरी केलेलं होतं.

फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे हे दर वेळी स्पष्ट लिही. विंडोजवर डीफॉल्ट वेगळं निघू शकतं.

आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द तुला काही ठिकाणी सापडत नाही म्हणालीस ना? त्यातला ‘ऱ’ दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा ‘र’ला नुक्ता (खालचा टिंब) जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण तुलना केली की वेगळे. प्रत्येक ओळ आधी पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझमधून एनएफसी, म्हणजे एकाच ठरावीक जोडलेल्या रूपात, करून घे आणि मग शोध. शोधायचा शब्दही तसाच करून घे. मराठी मजकुरावर काम करणाऱ्याने ही सवय लावूनच घ्यावी.

आधी पहिल्या दहा हजार ओळींवरच चालव. बदललेल्या ओळी, जुनं आणि नवं शेजारी-शेजारी, वेगळ्या फाइलमध्ये लिहून मला पाठव. ‘नाहीं’चं ‘नाही’ झालेलं चालेल, पण ‘घरांत’चं सरसकट ‘घरात’ करू नकोस. तिथे अनुस्वार अनेकवचनाचाही असू शकतो, आणि ते स्क्रिप्टला कळणार नाही. त्या ओळी आपण दोघं बसून बघू.

तुझा,
काका