नवरा बोटीवर, बाळाचा पासपोर्ट अडला

प्रश्न : माझा मुलगा एक वर्ष दहा महिन्यांचा आहे. नवरा बोटीवर असतो, मे महिन्यात उतरेल. माझे मामा आणि थोरली बहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला असतात. मामांनीच मला लहानाचं मोठं केलं. त्यांची बायपास झाली आहे, त्यांना बाळाला बघायचंय. मला फेब्रुवारीतच जायचंय. नवऱ्याचा होकार व्हॉट्सअॅपवर आहे. दीर म्हणतात, ‘दादाची सही तूच मार, कोण बघतंय?’ सासरे म्हणतात, त्यांच्या परवानगीशिवाय नातू देशाबाहेर जाणार नाही. आमचं लग्न देवळात झालं. मी काय करू?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी एकच गोष्ट मनाशी पक्की करा. यजमानांची सही तुम्ही करायची नाही. त्यांचा होकार असला तरी नाही. पासपोर्टसाठी खोटी माहिती देणं हा १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दिरांनी मायेपोटी सुचवलं असेल, पण उद्या चौकशीला तुम्हालाच उभं राहावं लागेल.

सासऱ्यांविषयी. गोव्यात आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक कायदा चालतो, धर्म कोणताही असो. मुलावरचा अधिकार त्यात आईवडिलांचा आहे. पारडं वडिलांकडे झुकलेलं आहे हे मला मान्य आहे आणि ते खुपतंही. पण आईही त्यात वाटेकरी आहे. आईवडील हयात आणि एकमताचे असताना आजोबांच्या परवानगीला कायद्यात जागा नाही. तरी त्यांच्याशी भांडू नका. परतीचं तिकीट त्यांच्या हातात ठेवा. ‘नातू तिकडेच राहिला तर?’ ही भीती बहुतेक त्यांना खात असेल.

आता पासपोर्ट. लहान मुलाच्या अर्जाला दोन्ही पालकांच्या सह्यांचं घोषणापत्र लागतं, ते अनेक्शर डी. वडील परदेशात असतील तर त्यांनी तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वकिलातीत प्रतिज्ञापत्र करून पाठवायचं. बोटीवरच्या माणसाला हे सोपं नाही, बंदरात जेमतेम काही तास मिळतात. कप्तानाची सही-शिक्का नोटरीची जागा घेत नाही. ते जमलंच नाही, तर एका पालकाची संमती मिळत नसताना दुसऱ्याने कारण देऊन भरायचं अनेक्शर सी आहे. कारण खरं ते लिहा : पती राजी आहेत, पण बोटीवर असल्याने सही मिळत नाही. सोबत त्यांच्या करारपत्राची, सीडीसीची (बोटीवरच्या नोकरीच्या सरकारी नोंदपुस्तिकेची) आणि पासपोर्टची प्रत लावा. अधिकारी आणखी काही मागू शकतात, म्हणून ऐन वेळेवर राहू नका. पासपोर्ट निघाला की पाच वर्षं चालतो.

तुमच्या पत्रातलं ‘लग्न देवळात झालं’ हे वाक्य मी दोनदा वाचलं. दुसरी सही झाली आहे ना? आपल्याकडे पहिली सही म्हणजे रजिस्ट्रारसमोर लग्नाचा इरादा सांगणं. विवाह नोंदला जातो तो दुसऱ्या सहीने. मधल्या काळात देवळात अक्षता पडतात, घरात पाहुणे असतात आणि दुसरी सही राहून जाते. तुमची राहिली असेल तर लपवू नका, यजमान उतरले की आधी तेच काम करा. झाली असेल तर विवाहाचा दाखला काढून ठेवा, व्हिसासाठी कामाला येईल.

आणखी एक गाठ असते ती कागदांवरच्या नावाची. गेल्या वर्षी एक आई माझ्यासमोर बसली होती. बाळाच्या जन्मदाखल्यावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, कारण लग्नात तांदळाच्या ताटात सासरच्यांनी नवीन नाव लिहिलं होतं. काउंटरवरून दोनदा परत आली. ‘वकीलबाई, दोन्ही मीच आहे हो,’ म्हणताना तिचा आवाज कापत होता. तुमच्या तिन्ही कागदांवर, म्हणजे जन्मदाखला, आधार आणि तुमचा पासपोर्ट, तुमचं नाव अक्षर न् अक्षर एकच आहे का, हे आजच बघा. फरक असेल तर अर्ज भरण्याआधी मला कळवा.

व्हिसा बाळाला वेगळाच लागतो, अर्जही वेगळा. प्रवासाच्या तीन महिन्यांच्या आत तो करता येतो. बाळासोबत कोण येतंय ते अर्जात लिहावं लागतं आणि त्याच व्यक्तीबरोबर यावं लागतं. म्हणजे बहिणीने पुढे घेऊन जावं, तुम्ही मागून यावं, असं आयत्या वेळी ठरवू नका. यजमानांच्या सहीचं संमतिपत्र मात्र जवळ ठेवाच. त्यात बाळाचं नाव, जाण्या-येण्याच्या तारखा, स्विंडनचा पत्ता आणि त्यांचा संपर्क असावा. आपल्याकडे विमानतळावर कदाचित कुणी विचारणार नाही. तिकडे उतरल्यावर एकट्या आईला विचारू शकतात. व्हॉट्सअॅपवरचा ‘हो जा’ तेव्हा फार कामी येत नाही.

तिकिटाचं एक ध्यानात घ्या. बाळ तिकडे असतानाच दोन वर्षांचं होईल. दोन पुरी झाली की मांडीवर बसवून आणता येत नाही, परतीला त्याची स्वतंत्र सीट लागते. आत्ताच काढा.

आणि आज यजमानांचा फोन आला की पहिलं हे विचारा : पुढचं बंदर कुठलं, तिथे किती तास, आणि जवळ आपली वकिलात आहे का? त्यावरून डी की सी ते ठरवू.