एकाच रॉकेटमधले उपग्रह एकमेकांवर का आदळत नाहीत?

ताई, तुमच्या नववीतल्या भाच्याने विचारलंय, की इस्रोच्या एका पीएसएलव्ही रॉकेटमधून 104 उपग्रह सोडले तेव्हा ते एकमेकांवर आदळले कसे नाहीत, आणि प्रत्येकाला वेगळी कक्षा कशी मिळाली. तुम्ही त्याला सांगितलंत, की स्वारगेट-कात्रज बसमधून कुणी पद्मावतीला उतरतं, कुणी बालाजीनगरला, तसंच हे. त्याचं समाधान झालं नाही. पोराचं बरोबर आहे. बसचा हा दाखला मीही कित्येक वर्षं देत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बसमधून उतरलेला माणूस मागे राहतो, कारण रस्ता जागचा हलत नाही. वर रस्ताच नसतो. 15 फेब्रुवारी 2017 ला त्या रॉकेटचा, म्हणजे पीएसएलव्ही-सी37 चा, चौथा आणि शेवटचा टप्पा 506 किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत पोचला तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साधारण 7.6 किलोमीटर होता, आणि त्याच्यावर बसलेल्या प्रत्येक उपग्रहाचाही तेवढाच. सुटल्यावर हा वेग कुठे जात नाही. त्या दिवशी उड्डाणानंतर 16 मिनिटं 48 सेकंदांनी कक्षा मिळाली आणि पुढच्या 12 मिनिटांत सगळे 104 उपग्रह मोकळे झाले. म्हणजे सरासरी सात सेकंदांना एक. सात सेकंदांत रॉकेट 53 किलोमीटर पुढे जातं, म्हणून दोन उपग्रहांत 53 किलोमीटर अंतर पडतं, असा हिशेब खूप जण मांडतात. तो चूक आहे. आधी सुटलेला उपग्रहही त्याच सात सेकंदांत तेवढाच पुढे गेलेला असतो.

अंतर पाडते ती स्प्रिंग. छोटे उपग्रह पेटीत बसवलेले असतात. झाकण उघडलं, की आतली दाबलेली स्प्रिंग त्यांना बाहेर ढकलते. हा धक्का सेकंदाला एखाद-दोन मीटरचा, म्हणजे आपण सकाळी तळजाई टेकडीवर रमतगमत चालतो तेवढाच. एक मीटरचा धरला, तर पुढचा उपग्रह सुटेपर्यंत आधीचा जेमतेम सात मीटर दूर गेलेला असतो. सात मीटर! म्हणून धक्का किती, यापेक्षा तो कोणत्या दिशेला, हा प्रश्न मोठा ठरतो.

हा भाग भाच्याला कागदावर काढून दाखवा. उपग्रहाला बाजूला ढकललं, तर तो रॉकेटच्या मार्गापासून सुमारे 900 मीटर दूर जातो आणि अर्ध्या फेरीनंतर, म्हणजे 47 मिनिटांनी, तोच मार्ग पुन्हा ओलांडतो. वर किंवा खाली ढकललं, तर एक फेरी पुरी होता होता तो फिरून रॉकेटजवळच येतो. म्हणजे नुसतं दूर ढकलून भागत नाही, ढकललेलं परत येतं.

खरं अंतर पडतं ते प्रवासाच्या दिशेने पुढे किंवा मागे ढकलल्यावर. आणि इथे एक गंमत आहे, मला ती इतक्या वर्षांनंतरही तितकीच आवडते. पुढे ढकललेला उपग्रह मागे पडतो! वेग किंचित वाढला, की त्याची कक्षा मोठी होते. मोठ्या कक्षेला फेरी पुरी करायला जास्त वेळ लागतो. एक मीटरच्या धक्क्याने 94 मिनिटांच्या फेरीत फक्त सव्वादोन सेकंदांचा फरक पडतो, पण त्या सव्वादोन सेकंदांत 17 किलोमीटर निघून जातात. दिवसाला पंधरा फेऱ्या, म्हणजे दिवसाला अडीचशे किलोमीटर. मागे ढकललेला याच हिशेबाने पुढे जातो.

म्हणून चौथा टप्पा उपग्रह सोडता सोडता स्वतःची दिशा बदलत राहतो. कोणती पेटी कोणत्या क्षणी कुठे तोंड करून उघडेल, हे जमिनीवरच ठरलेलं असतं. कुठल्याही जोडीची गाठ पुढे पडत नाही, याचा ताळा उड्डाणाच्या कितीतरी आधी मांडलेला असतो. टाळ्या उड्डाणाच्या धुराच्या लोटाला मिळतात, पण माझ्या मते त्या मोहिमेतलं सगळ्यात नाजूक काम ही शेवटची 12 मिनिटं होती.

आता वेगळ्या कक्षांबद्दल. सी37 च्या सगळ्या उपग्रहांना जवळजवळ एकच कक्षा मिळाली. त्यांतले 88 'डव्ह' उपग्रह एकाच अमेरिकन कंपनीचे होते, जेमतेम पावणेपाच किलोचे, आणि त्यांना कक्षेभर माळेसारखं पसरायचं होतं. यासाठी त्यांनी हवेचाच उपयोग केला. एवढ्या उंचीवरही हवेचा अगदी विरळ अंश असतो. उपग्रह आडवा वळवून त्याचं अंग हवेला जास्त लावलं, तर तो थोडा खाली उतरतो आणि खालच्या कक्षेत असल्यामुळे पुढे सरकतो. काही महिने असं वळवत राहिलं, की माळ तयार. उंचीच वेगळी हवी असेल, तर चौथ्या टप्प्याचं इंजिन बंद करून पुन्हा पेटवावं लागतं. 26 सप्टेंबर 2016 च्या सी35 मोहिमेत तसं केलं होतं. आधी मुख्य उपग्रह स्कॅटसॅट-1 वरच्या कक्षेत सोडला, मग खाली येऊन बाकीचे सात. त्यांत आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा 'प्रथम'ही होता.

पुण्याचा संबंधही सांगतो, भाच्याला आवडेल. 22 जून 2016 ला सी34 ने 20 उपग्रह नेले, त्यात आपल्या सीओईपीच्या, म्हणजे पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' होता. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोच्या आत. दिशा धरण्यासाठी त्यात मोटार नाही, इंधन नाही. आत चुंबक ठेवलेला, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी होकायंत्रासारखा जुळवून घेतो. त्याच्याच रॉकेटवर पृथ्वीची छायाचित्रं घेणारा 727 किलोचा कार्टोसॅट होता. सीओईपीजवळच्या संचेतीच्या चौकातून जाताना मला अजून ते आठवतं.

मी हौशी रेडिओवाला, उपग्रहांचे संकेत ऐकणारा. एवढे उपग्रह एकदम सुटले, की आमची पंचाईत वेगळीच असते. रडारला दिसतात ते नुसते ठिपके. रडारवरून केलेल्या यादीत त्यांची नावं 'ऑब्जेक्ट ए', 'ऑब्जेक्ट बी' अशी येतात. आपला कुठला, हे आपणच शोधायचं. एकदा अशाच एका सामूहिक उड्डाणानंतर मी एका छोट्या उपग्रहासाठी चुकीचा ठिपका धरून बसलो. पहिल्या दिवशी त्या ठिपक्याच्या आणि खऱ्या उपग्रहाच्या वेळेत फरक अर्ध्या मिनिटाचा होता, त्यामुळे संकेत ऐकू आला आणि मी निर्धास्त झालो. सहाव्या दिवशी फरक साडेतीन मिनिटांवर गेला आणि मी गच्चीत रिकाम्या आभाळाकडे अँटेना धरून उभा. फार वाईट वाटलं, कारण तो आठवडा परत येणार नव्हता.

ओळखायची खात्रीची रीत डॉप्लरची, म्हणजे उपग्रहाच्या वेगामुळे संकेताची वारंवारिता बदलते त्याची. 437 मेगाहर्ट्झवरचा संकेत उपग्रह जवळ येताना दहाएक किलोहर्ट्झ वर असतो, दूर जाताना तेवढाच खाली. मधोमध तो भराभर उतरतो. तो मध्य नेमका किती वाजून किती सेकंदांनी आला, ते लिहून ठेवायचं आणि यादीतल्या प्रत्येक ठिपक्याच्या वेळेशी ताडून बघायचं. तीन-चार फेऱ्या नोंदल्या, की एकच नाव उरतं.

भाच्याला हे करून बघता येईल. बुधवार पेठेत आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे संगणकाला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, मिळतो, अँटेना सुताराच्या मापाच्या टेपची घरी होते. वेळा सेकंदापर्यंत नोंदायच्या आहेत, तेव्हा घड्याळ मोबाइलशी जुळवून घ्या. इमारतींच्या गर्दीपेक्षा हनुमान टेकडी बरी, तिथे क्षितिज मोकळं मिळतं. डोक्यावरून जाणारा उपग्रह एका फेरीत दहा-अकरा मिनिटंच ऐकू येतो. त्याने पहिल्या फेरीच्या वेळा लिहिल्या, की इथे टाका, कोणता ठिपका ते आपण मिळून काढू.