लायब्ररीत हजार गाणी, तरी रोज सकाळी तेच गाणं का लागतं?

टेक्सासमधल्या तुमच्या चर्चच्या शंभर वॅटच्या एफएमबद्दल तुम्ही विचारलंय: हजारभर गाणी भरलेली असूनही सकाळी गाडी सुरू केली की रोज तेच गाणं लागतं, अशी लोकांची तक्रार आहे. गाणी कमी पडत नाहीयेत, भागाकार चुकतोय.

तुमच्या पॉवर कॅटेगरीत, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा लावायच्या गाण्यांच्या गटात, सहा गाणी आहेत आणि तासाला दोन लागतात. म्हणजे प्रत्येक गाणं तीन तासांनी परत येतं. चोवीसला तीनने पूर्ण भाग जातो, म्हणून ७:१० चं गाणं दुसऱ्या दिवशीही ७:१० लाच येणार. सात गाणी ठेवा. मग फेरी (सगळी गाणी एकदा लागून पहिलं परत यायला लागणारा वेळ) साडेतीन तासांची होते आणि तेच गाणं दुसऱ्या दिवशी अर्धा तास पुढे सरकतं.

हीच गोम जुन्या गाण्यांतही असते, फक्त उशिरा लक्षात येते. तासाला पाच या हिशेबाने १४० गाणी ठेवलीत तर फेरी २८ तासांची. रोजची वेळ बदलते खरी, पण २८ गुणिले ६ म्हणजे १६८, अख्खा आठवडा! दर सोमवारी त्याच वेळी तेच गाणं. १४३ ठेवा; मग आठवड्याला फेरीने पूर्ण भाग जात नाही आणि प्रश्न मिटतो.

मी तुमच्या जागी असतो तर तासाला तेरा गाणी अशी लावली असती: पॉवर २ (सातांतून), नवी २ (तेरांतून), गेल्या वर्षा-दीड वर्षातली ओळखीची ४ (एकतीसांतून), जुनी ५ (१४३ मधून). एकूण १९४ गाणी. बाकीची आठशे बाजूला काढताना जीव तुटतो, पण सगळी एकदम फिरवली की एकही गाणं ऐकणाऱ्याच्या ओठांवर बसत नाही. नवं गाणं नेहमी दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवा. तासाच्या सुरुवातीला स्टेशनचं नाव-गाव सांगून झालं की लगेच नवं नको.

चार मिनिटांच्या हिशेबाने तेरा गाण्यांची बावन्न मिनिटं होतात. उपासनेची लाइव्ह रेकॉर्डिंग सात-आठ मिनिटांची असतात; त्यांची रेडिओ एडिट (रेडिओसाठी कापून छोटी केलेली आवृत्ती) वापरा, नाहीतर तासाचं शेवटचं गाणं कापलं जातं. शिवाय ती बहुतेक संथ असतात. प्रत्येक गाण्याला १ ते ५ असा लयीचा कोड द्या आणि सलग दोनपेक्षा जास्त संथ येऊ देऊ नका.

एकाच कलाकाराच्या दोन गाण्यांमधलं अंतर मात्र गाण्यांचा क्रम लावणाऱ्या सॉफ्टवेअरला नीट शिकवावं लागतं. उपासना-गायक ब्रँडन लेकची एकट्याची गाणी आहेत, एलेव्हेशन वर्शिप आणि मॅव्हरिक सिटी या गायनसमूहांबरोबरचीही आहेत. सॉफ्टवेअरमधल्या या सगळ्या गाण्यांच्या कार्डवर (माहितीच्या नोंदीवर) त्याचं नाव टाकलं नाही, तर वीस मिनिटांत तोच आवाज दोनदा येईल. एकच गीत तीन चर्चनी रेकॉर्ड केलं असेल तर तिन्हींना एकच शीर्षक-कोड द्या. पण सगळेच नियम सक्तीचे केलेत तर नियमात बसणारं गाणं सापडत नाही आणि लॉगमध्ये, म्हणजे कुठल्या वेळी कुठलं गाणं या यादीत, रिकाम्या जागा पडतात. कलाकाराचं अंतर सक्तीचं ठेवा, बाकीचे नियम वाकू द्या.

निवडीच्या वेळी चाल बाजूला ठेवून शब्द कागदावर घ्या आणि पाळकांसोबत वाचा. ‘विश्वास ठेव, आजार जाईलच’ अशी ओळ इस्पितळात उशाशी बसलेल्या माणसाला कशी लागेल, हे तिथेच ठरवायचं. आपल्या धर्मशिक्षणात न बसणारी ओळ असेल, तर गाणं कितीही गाजलेलं असो, नको.

आणखी एक: चर्चमध्ये गाणी गाण्यासाठी सीसीएलआय ही संस्था देते ते लायसन्स रेडिओ प्रसारणाला चालत नाही. एएससीएपी, बीएमआय वगैरे गीतकार-संगीतकारांच्या हक्कांच्या संस्थांचं वेगळं लागतं, आणि इंटरनेटवर स्ट्रीम करत असाल तर रेकॉर्डिंगच्या हक्कांसाठी साउंडएक्सचेंज या संस्थेचंही.

आठवड्याचा लॉग तयार झाला की सकाळी सातच्या तासाचे सातही दिवस शेजारी शेजारी लावून बघा. एकाच जागी एक नाव दोनदा दिसलं, तर त्या कॅटेगरीतलं एक गाणं कमी किंवा जास्त करा आणि लॉग पुन्हा काढा.