वाडा म्हणायचं की धाब्याचं घर?

प्रश्न: ताई, अमळनेरजवळ आमचं आजोबांचं घर आहे, मातीच्या जाड भिंती, सागाचे खांब, वर सपाट मातीचं छत. भाऊ म्हणतो हा वाडा, गवंडी म्हणतो सगळं सिमेंटने प्लास्टर करून टाका. आणि मधली खोली दिवसाही अंधारी, तिचं काय करू?

उत्तर: मधे उघडा चौक आणि त्याच्या भोवती खोल्या असं काही तुम्ही लिहिलं नाही, म्हणजे वाडा नसावा, आपलं खान्देशी धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर आहे ते, भावाने रुसू नये. गवंड्याचं मात्र अजिबात ऐकू नका. मातीची भिंत ओल घेते नि सोडते, वर सिमेंट मारलं की ओल आतच अडकते, मग प्लास्टर फुगतं आणि एक दिवस मातीसकट हातात येतं, माझ्या माहेरी हेच झालं, देवळीतल्या दिव्याची काजळी तेवढी वाचली! चुन्याचा गिलावा करा. मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो तेव्हा हीच जाड भिंत दुपारचं ऊन बाहेर थोपवते.

अंधाऱ्या खोलीत आधी वर बघा, छतातलं जुनं सानं, म्हणजे उजेडासाठी ठेवलेलं भोक, बुजवलं असेल तर उघडून काच बसवा, कडेने उंचवटा करा म्हणजे पाणी आत येणार नाही. भिंती पांढऱ्या, आरसा उजेडाच्या समोर, फर्निचर बुटकं. आणि सागाच्या खांबांना ऑइल पेंट नको, नुसतं जवसाचं तेल, नजर तिथेच जाऊ दे. सोफा सेट शोरूममध्येच राहू द्या.